मॅक्स श्मेलिंग: सारखे सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

अमेरिकन हेवीवेट बॉक्सर जो लुईसबद्दल काहीही लिहिलं की श्मेलिंगवरून तेच तेच प्रश्न यायला लागतात, म्हणून एकदाच सगळं एकत्र टाकतोय. सोप्यापासून सुरुवात केलीये, किचकट शेवटी ठेवलेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय, परत लिहीत बसलो नाहीये.

१. हा मॅक्स श्मेलिंग नक्की कोण? मला फक्त "हिटलरचा बॉक्सर, लुईसने ज्याला दोन मिनिटांत झोपवला" एवढंच माहितीये.

बहुतेकांना तेवढंच माहिती असतं आणि माझी चिडचिड तिथूनच सुरू होते. जन्म २८ सप्टेंबर १९०५, ईशान्य जर्मनीतल्या क्लाइन लुकोव्ह नावाच्या बारक्या गावात. वाढला हॅम्बुर्गमध्ये, वडील जहाजावर कामाला. १९३० ते १९३२ हेवीवेटचा, म्हणजे सगळ्यात जड वजनगटाचा, वर्ल्ड चॅम्पियन, जर्मनीचा पहिला, आणि विसाव्या शतकात हे टायटल जिंकणारा पहिला युरोपियनसुद्धा. आता तारखा बघा, हिटलर सत्तेवर आला जानेवारी १९३३ मध्ये. म्हणजे त्याआधीच हा माणूस चॅम्पियन होऊन, टायटल घालवून मोकळा झाला होता. त्याला हिटलरने घडवलं वगैरे म्हणणं चूक आहे. हिटलरने त्याला वापरला, ते वेगळं, त्यावर प्रश्न ११ मध्ये बोललोय. २ फेब्रुवारी २००५ ला गेला, वय ९९, शंभरीला आठेक महिने कमी. इतका जगलेला दुसरा हेवीवेट चॅम्पियन नाही.

२. बॉक्सिंगमध्ये आला कसा? त्या काळी जर्मनीत बॉक्सिंग होतं का?

होतं, पण नवीन होतं. पहिल्या महायुद्धापर्यंत तिकडे या खेळाला फारसा मान नव्हता, युद्धानंतर एकदम क्रेझ आली. पोरगा पंधरा-सोळा वर्षांचा असताना तेव्हाचा वर्ल्ड चॅम्पियन जॅक डेम्प्सी विरुद्ध फ्रान्सचा कार्पेंटिये या १९२१ च्या फाइटची फिल्म त्याने थिएटरात बघितली आणि डोक्यात तेच बसलं. मग काम शोधत ऱ्हाइन नदीकडे कोलोनच्या भागात गेला, तिथे क्लबात शिकला आणि ऑगस्ट १९२४ मध्ये प्रोफेशनल झाला. दिसायला बराचसा डेम्प्सीसारखा, काळे केस, दाट भुवया. १९२५ मध्ये डेम्प्सी युरोप फिरायला आला तेव्हा त्याच्यासोबत प्रदर्शनी राउंड खेळायलाही मिळाले. नंतर बर्लिनला गेला तर तिथे कलाकार मंडळींचा लाडका झाला, गेओर्ग ग्रोसने चित्र काढलं, रुडोल्फ बेलिंगने पुतळा केला. १९३३ मध्ये लग्नही सिनेनटीशीच केलं, चेक नटी अॅनी ओन्द्रा. ते शेवटपर्यंत टिकलं, ती १९८७ मध्ये गेली.

३. पूर्ण रेकॉर्ड काय? हरला किती वेळा?

७० फाइट्स. ५६ जिंकल्या, त्यातल्या ४० नॉकआउट, १० हरला, ४ बरोबरीत.

आकडा बघून "दहा हार? मग कसला ग्रेट" असं म्हणणारे भेटतात. त्या दहा कधी आल्या ते बघा की. पहिल्या चार शिकाऊ काळातल्या: १९२४ मध्ये मॅक्स डीकमान, १९२५ मध्ये जॅक टेलर आणि कॅनडाचा लॅरी गेन्स, १९२८ मध्ये वेल्सचा जिप्सी डॅनियल्स, आणि हा शेवटचा तर पहिल्याच राउंडात. शेवटच्या दोन १९४८ च्या, तेव्हा वय ४२-४३ (प्रश्न १५). मधल्या चार शार्की, बेअर, हामास आणि लुईस यांच्याकडून. यातला शार्कीचा निकाल मी तरी हार धरत नाही, का ते प्रश्न ६ मध्ये. आणि ज्या डीकमानने पहिल्यांदा हरवलं त्यालाच १९२६ मध्ये पहिल्या राउंडात आडवा करून जर्मनीचं लाइट हेवीवेट (हेवीवेटच्या खालचा वजनगट) टायटल घेतलं. त्याची सवयच ही, आधी मार खायचा, बघायचं, लक्षात ठेवायचं आणि पुढच्या वेळी हिशोब चुकता करायचा. हामासच्या बाबतीतही तेच, १९३४ मध्ये फिलाडेल्फियात हरला, मार्च १९३५ मध्ये हॅम्बुर्गला बोलावून नवव्या राउंडात संपवला.

४. तो लाइट हेवीवेट होता की हेवीवेट? दोन्हीकडे नाव दिसतं.

दोन्ही. १९२७ मध्ये डॉर्टमुंडला बेल्जियमच्या फर्नांड डेलार्जला हरवून युरोपचा लाइट हेवीवेट चॅम्पियन झाला, जानेवारी १९२८ मध्ये इटलीच्या बोनालियाला एका राउंडात झोपवून ते टायटल राखलं. एप्रिल १९२८ मध्ये फ्रान्झ डीनरला पॉइंट्सवर हरवून जर्मनीचा हेवीवेट चॅम्पियन झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेला गेला, कारण खरा पैसा तिकडे होता. तिकडे जॉनी रिस्कोला फेब्रुवारी १९२९ मध्ये थांबवला आणि लोकांना नाव कळलं, मग जूनमध्ये यांकी स्टेडियमवर स्पेनच्या पाओलिनो उझकुदुनला पंधरा राउंड खेळून हरवला.

आजच्या हेवीवेट लोकांपुढे तो बारीकच वाटेल. उंची साधारण ६ फूट १ इंच, वजन १९० पाउंडच्या आसपास, म्हणजे ८५-८६ किलो.

५. जमिनीवर पडलेला असताना वर्ल्ड चॅम्पियन झाला हे खरंय का?

खरंय.

जीन टनी १९२८ मध्ये टायटल सोडून रिटायर झाला होता, जागा रिकामी. ती भरायला १२ जून १९३० ला यांकी स्टेडियमवर श्मेलिंग विरुद्ध जॅक शार्की, प्रेक्षक जवळपास ७९ हजार. पहिले तीन राउंड शार्कीचेच होते यात वाद नाही. श्मेलिंग नेहमीसारखा बघत होता, अंदाज घेत होता. चौथ्या राउंडात शार्कीचा डावा ठोसा कमरेखाली लागला आणि श्मेलिंग पोट धरून खाली. आता गोंधळ असा की रेफरी जिम क्राउलीला नीट दिसलंच नव्हतं. श्मेलिंगचा मॅनेजर जो जेकब्स रिंगमध्ये घुसून फाउल फाउल ओरडतोय, दोघा जजपैकी एकाने बघितलं म्हणून सांगितलं, आणि शेवटी शार्कीला बाद करून श्मेलिंगला चॅम्पियन जाहीर केलं. हेवीवेटचं वर्ल्ड टायटल अशा फाउलवर जिंकलेला तो पहिला माणूस.

लोकांनी टर उडवायची ती उडवलीच. स्वतः श्मेलिंगलाही असं जिंकणं आवडलं नव्हतं. पण ठोसा खाली लागला होता, नियम होता, त्याने काय करायचं? या प्रकारानंतर न्यूयॉर्कने नियमच बदलला, कमरेखालच्या ठोशावर फाइट जिंकता येणार नाही असं केलं आणि त्या जागी संरक्षक कप घालणं आलं. म्हणजे आज बॉक्सर जो कप घालतात त्यामागे या रात्रीचाही हात आहे.

६. मग टायटल कधी गेलं? कुठे १९३१ लिहिलेलं असतं, कुठे १९३२.

१९३२. घोळ असा की शार्कीला रिमॅच दिली नाही म्हणून न्यूयॉर्क बॉक्सिंग कमिशनने जानेवारी १९३१ मध्ये त्याची मान्यता काढून घेतली, पण ते फक्त न्यूयॉर्कपुरतं, बाकी जग त्याला चॅम्पियन मानत होतं. त्याने मधल्या काळात ३ जुलै १९३१ ला क्लीव्हलँडमध्ये यंग स्ट्रिबलिंगविरुद्ध टायटल राखलं, आणि कसं राखलं तर पंधराव्या म्हणजे शेवटच्या राउंडात, घंटा व्हायला काही सेकंद उरलेले असताना रेफरीने फाइट थांबवली. फाउलवाला चॅम्पियन म्हणून हसणाऱ्यांची तोंडं त्या दिवशी बंद झाली.

मग २१ जून १९३२, लाँग आयलंड सिटी, परत शार्की. पंधरा राउंड पूर्ण झाले, रिंगसाइडच्या बऱ्याच पत्रकारांना श्मेलिंग जिंकलाय असं वाटलं, आणि निकाल दोन विरुद्ध एक असा शार्कीकडे गेला. जेकब्स माइकवर ओरडला, "आम्हाला लुटलं!" आणि ते वाक्य अमेरिकेत म्हणीसारखं झालं. माझं मत विचाराल तर त्याच्या करिअरमधला खरा अन्याय हा, आणि दुसरा १९३७ चा (प्रश्न ८). मजा म्हणजे १९३० मध्ये नशिबाने मिळालेलं सगळ्यांना आठवतं, १९३२ मध्ये नशिबाने घेतलेलं कोणाला आठवत नाही.

७. जो लुईस तेव्हा कोणाकडूनच हरत नव्हता. मग १९३६ मध्ये श्मेलिंगने त्याला कसं काय पाडलं? लक होतं का?

लक अजिबात नाही.

आधी परिस्थिती बघा. श्मेलिंग ३० वर्षांचा, १९३३ मध्ये मॅक्स बेअरकडून दहाव्या राउंडात बेकार मार खाल्लेला, हामासकडून हरलेला, सगळ्यांच्या मते उतरणीला लागलेला. लुईस २२ वर्षांचा, एकही फाइट न हरलेला, समोरच्याला चुरगाळून टाकणारा. सट्टेबाज लुईसवर आठाला एक, दहाला एक असा भाव देत होते. लुईसचा कॅम्प न्यू जर्सीत लेकवूडला होता आणि तिथे तो गोल्फ खेळण्यात रमला होता असं त्याच्याच माणसांनी नंतर सांगितलं.

श्मेलिंगने काय केलं, तर डिसेंबर १९३५ मध्ये लुईस विरुद्ध उझकुदुन ही फाइट स्वतः न्यूयॉर्कला जाऊन बघितली. उझकुदुन म्हणजे श्मेलिंग ज्याच्याशी तीनदा लढलेला, नस न् नस माहिती असलेला माणूस. वर लुईसच्या फाइट्सच्या फिल्म्स आणून पुन्हा पुन्हा चालवून बघितल्या. मग पत्रकारांना म्हणाला, मला काहीतरी दिसलंय. काय दिसलंय ते सांगितलं नाही, आणि सगळे हसले.

दिसलं होतं ते असं: लुईस डाव्या हाताने जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) मारायचा आणि हात परत आणताना सरळ गालापाशी आणायच्या ऐवजी खाली सोडायचा. अर्ध्या क्षणासाठी चेहऱ्याची डावी बाजू उघडी. आणि श्मेलिंगचं तर सगळं दुकानच उजव्या हातावर चालायचं. म्हणजे जॅब खायचा, आत घुसायचं आणि त्या रिकाम्या जागेवरून उजवा सोडायचा. यासाठी जॅब मुद्दाम खावे लागतात बरं का, आणि त्याने खाल्ले, पहिल्या तीन राउंडात त्याचा एक डोळा सुजायला लागला होता. चौथ्या राउंडात तो उजवा बसला आणि लुईस आयुष्यात पहिल्यांदा प्रोफेशनल रिंगमध्ये खाली पडला. उठला, पण त्यानंतर तो लुईस राहिलाच नाही. श्मेलिंग घाई न करता आठ राउंड तोच ठोसा मारत राहिला, बाराव्यात लुईस गुडघ्यावर आला, मग आडवा, दहा मोजून झाले. तारीख १९ जून १९३६, यांकी स्टेडियम.

कुस्तीत वस्ताद समोरच्याचा पाय कुठे पडतो ते बघून डाव ठरवतो ना, अगदी तसला प्रकार. बॉक्सिंग शिकणाऱ्या पोरांनी १९३८ च्या फाइटआधी ही बघावी असं मी नेहमी सांगतो.

८. लुईसला हरवलं तर मग टायटलची फाइट श्मेलिंगला का नाही मिळाली? ती लुईसला कशी मिळाली?

कारण पैसा आणि राजकारण, दोन्ही एकत्र.

तेव्हा चॅम्पियन होता जेम्स ब्रॅडॉक. लुईसला हरवल्यामुळे पहिला नंबर श्मेलिंगचाच होता, करारही झाला, आधी १९३६ मध्ये ठरलेली फाइट ब्रॅडॉकच्या हाताच्या दुखण्यामुळे पुढे गेली आणि ३ जून १९३७ तारीख पक्की झाली. पण अमेरिकेत नाझीविरोधी संघटनांनी बहिष्काराची हाक दिली, तिकिटं खपतील की नाही याची शंका, आणि शिवाय एक भीती होती की श्मेलिंग टायटल घेऊन जर्मनीला गेला तर ते परत येणार नाही. या भीतीत तथ्य नव्हतं असं नाही म्हणता येणार.

तेवढ्यात लुईसच्या बाजूने प्रोमोटर माइक जेकब्सने ब्रॅडॉकच्या मॅनेजरला ऑफर दिली: लुईसशी लढा, आणि हरलात तर पुढची दहा वर्षं हेवीवेट टायटल फाइट्सच्या नफ्यातला दहा टक्के वाटा तुमचा. कोण सोडेल? ब्रॅडॉक-श्मेलिंग फाइटचा करार ज्यांच्याकडे होता ते मॅडिसन स्क्वेअर गार्डन कोर्टात गेलं, हरलं. २२ जून १९३७ ला शिकागोत लुईसने ब्रॅडॉकला आठव्या राउंडात झोपवून टायटल घेतलं.

आणि श्मेलिंग? तो ३ जूनच्या फाइटसाठी न्यूयॉर्कला आला, ठरल्याप्रमाणे वजन देऊन आला, समोर कोणीच नाही. भूत-फाइट म्हणून पेपरवाल्यांनी चेष्टा केली. आता तुम्ही म्हणाल नाझी जर्मनीच्या माणसावर कसली दया, आणि बहिष्कार टाकणाऱ्यांचं कारण चूक होतं असं मी म्हणतच नाहीये, त्या वेळी जर्मनीत ज्यूंचं काय चाललं होतं ते उघड होतं. पण निव्वळ खेळ म्हणून बघितलं तर पहिला नंबर त्याचा होता आणि तो बाजूला सारला गेला. लुईसलाही हे खुपत होतं, श्मेलिंगला हरवेपर्यंत मला चॅम्पियन म्हणू नका असं तो स्वतःच म्हणायचा.

(माइक जेकब्स आणि श्मेलिंगचा मॅनेजर जो जेकब्स यांचं काही नातं नाही. हा प्रश्नही दर महिन्याला येतो.)

९. १९३८ ची फाइट एवढी गाजली का? दोन मिनिटांत तर संपली.

२२ जून १९३८, यांकी स्टेडियम, ७० हजारांवर लोक, तिकिटांची कमाई दहा लाख डॉलरच्या वर. त्याच्या तीन महिने आधी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळलेला. दोन्हीकडच्या पेपरांनी याला लोकशाही विरुद्ध नाझी असं रूप दिलं, रूझवेल्ट लुईसला भेटले, अमेरिकेतला काळा माणूस पहिल्यांदाच सगळ्या देशाचा माणूस ठरला, आणि गंमत बघा, त्याच देशात अर्ध्या हॉटेलांत त्याला खोली मिळाली नसती. श्मेलिंग रिंगकडे चालत आला तेव्हा अंगावर सिगारेटची पाकिटं, कचरा पडत होता.

फाइट २ मिनिटं ४ सेकंद. श्मेलिंगने मोजून एखाद-दोन ठोसे टाकले असतील. लुईसने या वेळी वाट बघितलीच नाही. श्मेलिंगला विचार करायला, अंदाज घ्यायला राउंड लागायचे, ते मिळालेच नाहीत. तीनदा खाली पडला, रेफरी आर्थर डोनोव्हनने थांबवलं. लुईसच्या करिअरमधली ही सगळ्यात परफेक्ट फाइट, यात दुमत नाही.

१०. श्मेलिंगने "किडनीवर ठोसा मारला, फाउल" अशी तक्रार केली होती ना? रडीचा डाव?

इजा खरी होती. पाठीच्या मणक्याची हाडं मोडली होती, हॉस्पिटलात राहावं लागलं. फिल्म बघाल तर दिसेल की लुईसचा उजवा येताना श्मेलिंग दोरांवर वळला आणि ठोसा मागच्या बाजूला बसला, त्याची किंकाळी पहिल्या रांगांना ऐकू गेली. पण लुईसने मुद्दाम तिथे मारला असं फिल्ममध्ये कुठेच दिसत नाही, माणूस वळला म्हणून तिथे लागला. तक्रार टिकली नाही आणि पुढे श्मेलिंगनेही ती धरून ठेवली नाही. नंतर कितीतरी वर्षांनी तर तो म्हणाला की ती फाइट हरलो ते एका अर्थी बरंच झालं, जिंकून जर्मनीला परत गेलो असतो तर नाझींनी मला कुठे नेऊन ठेवलं असतं कोण जाणे.

११. सरळ सांगा, नाझी होता की नाही?

पक्षाचा सदस्य कधीच नव्हता. पण एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही, आणि "बिचारा भला माणूस" छाप लेख वाचून मला कंटाळा आलाय.

१९३६ च्या विजयानंतर तो हिंडेनबर्ग या एअरशिपने घरी गेला, बायको आणि आईला घेऊन हिटलरसोबत जेवला, त्या फाइटची फिल्म "जर्मन विजय" म्हणून थिएटरांत चालवली गेली. ती फाइट चालू असताना बायको रेडिओ ऐकायला हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सच्या घरी होती. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवर अमेरिका बहिष्कार टाकेल का अशी चर्चा चाललेली तेव्हा अमेरिकन खेळाडूंना नीट वागवलं जाईल असा भरवसा द्यायलाही हाच पुढे झाला, आणि नंतर त्याने स्वतः तो भोळेपणा होता असं कबूल केलं. राजवटीला सभ्य चेहरा हवा होता, त्याने तो दिला.

दुसरी बाजू प्रश्न १२ आणि १३ मध्ये आहे, ती पण तितकीच खरी.

तुलनेला दुसरे जर्मन बॉक्सर घ्या म्हणजे कळेल. मिडलवेट चॅम्पियन एरिक झेलिग ज्यू होता, १९३३ मध्ये टायटल काढून घेतलं, देश सोडावा लागला. योहान ट्रोलमान सिंती (जर्मनीतल्या रोमा म्हणजे जिप्सी लोकांपैकी) समाजातला, जून १९३३ मध्ये लाइट हेवीवेट टायटल जिंकला, काही दिवसांत काढून घेतलं, १९४४ मध्ये छळछावणीत मारला गेला. त्याचं टायटल जर्मन संघटनेने परत दिलं ते २००३ मध्ये. श्मेलिंग त्याच काळात हॅम्बुर्गला वॉल्टर नॉयझेलविरुद्ध सुमारे एक लाख लोकांसमोर लढत होता (ऑगस्ट १९३४). त्याने कोणाचं वाईट केलं असं नाही, पण ज्या व्यवस्थेने त्यांना चिरडलं तिनेच याला मिरवलं. त्याला संत करायची किंवा राक्षस करायची मला गरज वाटत नाही.

१२. नाझी जर्मनीच्या चॅम्पियनचा मॅनेजर ज्यू कसा?

जो जेकब्स, न्यूयॉर्कचा, कायम तोंडात सिगार. १९२८ च्या सुमारास भेटला आणि अमेरिकेतलं सगळं त्यानेच जमवलं. १९३३ नंतर बर्लिनहून दबाव आला की याला काढ. श्मेलिंगने नाही काढला, अमेरिकेत तो माझ्यासाठी गरजेचा आहे असं सांगत राहिला. यात मैत्री किती आणि व्यवहार किती हे सांगणं अवघड, पण त्या काळात नाही म्हणणं सोपं नव्हतं एवढं नक्की.

सगळ्यात विचित्र किस्सा मार्च १९३५ चा. हॅम्बुर्गला हामासला हरवल्यावर सगळा हॉल हात वर करून नाझी सलाम करत गात होता, रिंगमध्ये उभ्या असलेल्या जेकब्सनेही हात वर केला, आणि त्या हातात सिगार! फोटो छापून आला तर जर्मनीत नाझी भडकले आणि अमेरिकेत ज्यू भडकले.

१३. ज्यू मुलांना लपवलं ती गोष्ट खरी की युद्धानंतर रचलेली?

खरी, आणि रचलेली नाही म्हणायला एक मोठं कारण आहे: श्मेलिंगने ती स्वतः कधी सांगितलीच नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंची दुकानं, प्रार्थनास्थळं फोडली गेली त्या रात्री, म्हणजे लुईसकडून हरून पाच महिनेही झाले नव्हते, त्याने बर्लिनमधल्या डेव्हिड लेविन या मित्राच्या दोन मुलांना, हेन्री आणि वेर्नरला, हॉटेल एक्सेलसिअरमधल्या आपल्या खोलीत ठेवलं. आजारी आहे, कोणाला वर पाठवू नका असं खाली सांगून टाकलं. पुढे ते कुटुंब शांघायमार्गे अमेरिकेला पोचलं. हेन्री लेविन तिकडे मोठा हॉटेलवाला झाला आणि १९८९ मध्ये लास व्हेगासच्या एका कार्यक्रमात त्यानेच हे सगळ्यांसमोर सांगितलं. एक्कावन्न वर्षांनी.

१४. युद्धात मेला अशी बातमी आली होती का?

हो. १९४० मध्ये सैन्यात घेतला, पॅराट्रूपर केला, तेही पस्तिशीच्या माणसाला. मे १९४१ मध्ये क्रीट बेटावर उडी मारली, उतरताना इजा झाली, वर आजारी पडला. बाहेर बातमी पसरली की मेला. मेला नव्हता. नंतर एका अमेरिकन पत्रकाराला मुलाखत देताना गोबेल्सला हवं तसं ब्रिटिशांविरुद्ध बोलला नाही, त्यावरून वरचे लोक चांगलेच भडकले. १९४३ मध्ये सैन्यातून सुटका झाली.

१५. मग चाळिशीनंतर परत रिंगमध्ये का उतरला?

पैसे नव्हते. पोमेरेनियातली इस्टेट युद्धात गेली, ती बाजूच आता पोलंडमध्ये. २८ सप्टेंबर १९४७ ला फ्रँकफर्टमध्ये वेर्नर फोलमारला सातव्या राउंडात हरवला, तोही स्वतःच्या ४२ व्या वाढदिवशी. एकूण पाच फाइट्स, तीन जिंकल्या, नॉयझेल आणि रिचर्ड फोग्टकडून हरला. शेवटची ३१ ऑक्टोबर १९४८, बर्लिन. मिळालेल्या पैशातून हॅम्बुर्गजवळ होलेनश्टेटला जमीन घेतली, तिथेच शेवटपर्यंत राहिला.

१६. लुईस आणि तो खरंच मित्र झाले का, की फोटोपुरतं?

खरंच झाले. १९५४ मध्ये श्मेलिंग अमेरिकेला गेला तेव्हा शिकागोला लुईसच्या घरी जाऊन भेटला, त्यानंतर भेटीगाठी चालूच राहिल्या. लुईस टॅक्सच्या कर्जात पार बुडाला होता, श्मेलिंगने गाजावाजा न करता पैशाची मदत केली आणि १९८१ मध्ये लुईस गेला तेव्हा अंत्यसंस्काराच्या खर्चातही वाटा उचलला. रिंगमध्ये त्यांचं कधी वैयक्तिक वैर नव्हतंच, वैर लावलं ते बाकीच्यांनी.

१७. कोका-कोलाचं काय प्रकरण?

१९३० च्या सुमारास न्यूयॉर्क बॉक्सिंग कमिशनचा अध्यक्ष असलेला जेम्स फार्ली पुढे कोका-कोलाच्या परदेशी व्यवसायाचा मोठा अधिकारी झाला. जुनी ओळख कामी आली, श्मेलिंगला १९५७ मध्ये हॅम्बुर्गकडची बाटलीबंद करायची एजन्सी मिळाली आणि तो श्रीमंत झाला. बॉक्सिंगने दिला नाही इतका पैसा सोड्याने दिला.

१८. त्याच्यानंतर कोणी जर्मन हेवीवेट चॅम्पियन झालाच नाही? क्लिट्श्को जर्मन नव्हते का?

क्लिट्श्को भाऊ युक्रेनचे. १९९६ मध्ये हॅम्बुर्गच्या कंपनीकडून प्रोफेशनल झाले, जर्मन स्टेडियम भरवली, जर्मन छान बोलतात, म्हणून घोळ होतो. हेन्री मास्के आणि स्वेन ओट्के जर्मनच, पण ते लाइट हेवी आणि सुपर मिडलवेटचे चॅम्पियन.

हेवीवेटमध्ये सगळ्यात जवळ गेला आक्सेल शुल्झ. एप्रिल १९९५ मध्ये लास व्हेगासला जॉर्ज फोरमनशी बारा राउंड खेळला, बऱ्याच लोकांना तो जिंकला असं वाटलं, जजना नाही. पुढे आणखी दोन संधी मिळाल्या, एकदा बोथाविरुद्ध, एकदा मूररविरुद्ध, दोन्ही वेळा निकाल विरुद्ध (बोथा नंतर डोपिंगमध्ये सापडला तरी बेल्ट काही शुल्झला मिळाला नाही).

मग नोव्हेंबर २०१७ मध्ये मॅन्युएल शारने ओबरहाउझेनला उस्तिनोव्हला हरवून डब्ल्यूबीए या बॉक्सिंग संस्थेचा "रेग्युलर" बेल्ट घेतला आणि श्मेलिंगनंतरचा पहिला जर्मन म्हणून हेडलाइन आल्या. पण दोन अडचणी: तो बेल्ट दुय्यम, त्याच संस्थेचा वरचा चॅम्पियन अँथनी जोशुआ होता. आणि दुसरं म्हणजे शारकडे तेव्हा जर्मन पासपोर्टच नाही हे दोनेक दिवसांत बाहेर आलं. म्हणून माझ्या यादीत श्मेलिंगनंतरची जागा रिकामी आहे, ज्यांना वाद घालायचाय त्यांनी खुशाल घालावा.

१९. मॅक्स बेअरने त्याच्याविरुद्ध ज्यू चिन्ह लावलं होतं ना? बेअर ज्यू होता?

८ जून १९३३, यांकी स्टेडियम, बेअरच्या चड्डीवर डेव्हिडचा तारा होता हे खरं. त्याचे आजोबा ज्यू होते, स्वतः तो त्या धर्मात वाढलेला नव्हता. तिकिटं विकायला काय चालतं हे त्याला बरोबर कळायचं, पण म्हणून त्या ताऱ्याचं महत्त्व कमी होत नाही, हिटलर येऊन जेमतेम चार महिने झालेले. दहाव्या राउंडात फाइट थांबली आणि तिकडे जर्मनीत श्मेलिंगची किंमत एकदम उतरली.

२०. कुठल्या फाइट्स बघू आणि कुठल्या क्रमाने?

बहुतेकांच्या फिल्म्स ऑनलाइन सापडतात, तुकड्यातुकड्यांत का होईना. आधी १९३१ ची स्ट्रिबलिंग बघा, त्यात चॅम्पियन म्हणून तो कसा खेळायचा ते कळतं. मग १९३३ ची बेअर, म्हणजे दाबात आला की कुठे अडकायचा ते दिसेल, समोरचा अंगावर धावून आला आणि वेळ दिला नाही की त्याची पंचाईत. हे बघितलंत की १९३८ चं कोडं आपोआप सुटतं. मग १९३६ ची पूर्ण बारा राउंड, शक्यतो आवाज बंद करून, नजर फक्त लुईसच्या डाव्या हातावर. १९३८ ची सगळ्यात शेवटी, आणि तिची क्लेम मॅकार्थीची रेडिओ कॉमेंट्री वेगळी ऐका, ती अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनी संग्रहात जपून ठेवलीये. फक्त चहा आधी करून घ्या, नंतर वेळ मिळत नाही.